ड्रोन बिबट्यासाठी, मग तो आमच्या न्हाणीवर कशाला?

प्रश्न

(पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या विनंतीवरून नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. घर गावठाणापासून लांब, मळ्यातल्या वस्तीवर. आठ घरं, सगळी भावकीतली, तीन बाजूंना ऊस. गेल्या हंगामात वस्तीजवळ बिबट्या वारंवार दिसला, दोन वासरं गेली. गावातल्या तरुण मंडळाने वर्गणी काढून ड्रोन घेतला. तो उडवतो त्यांचा चुलत दीर. त्याचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे, त्यामुळे त्याचा हात बसलेला. रोज दिवे लागायच्या सुमाराला ड्रोन वस्तीवरून फेऱ्या मारतो. घरामागच्या न्हाणीला भिंती आहेत, छत नाही. फेरीचं चित्रण गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतं. अशाच एका चित्रणात त्या अंगणात केस मोकळे सोडून बसलेल्या दिसल्या आणि त्यावरून किराणा दुकानात चेष्टा झाली. दहावीतल्या मुलीने संध्याकाळी गच्चीवर जाणं बंद केलं आहे. नवरा म्हणतो, "घरचाच पोरगा आहे." सासूबाई म्हणतात, "आपल्याला काय लपवायचंय?" जाऊ म्हणते, "उद्या कुणाचं पोर बिबट्यानं उचललं, तर सगळे तुझ्याच तोंडाकडं बघतील." आता हा ड्रोन ग्रामपंचायतीच्या पैशातून मोठा घ्यायचा, असं चाललं आहे. त्यांचा प्रश्न असा: "दिराच्या मनात काही वाईट नाही, म्हणूनच मला बोलता येत नाही. मीच जास्त करतेय का? पोलिसांत जावं, की न्हाणीवर पत्रा टाकून गप्प बसावं?"

उत्तर

ताई,

पोलिसांत जावं की पत्रा टाकावा, या दोनच वाटा तुम्हाला दिसताहेत. त्यामागचं कारण तुमच्याच वाक्यात आहे. बोलायचं म्हणजे दिराला वाईट ठरवायचं, असं तुम्ही धरून चालला आहात. तो वाईट नाही हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून तोंड उघडत नाही. आणि तोंड उघडत नाही म्हणून त्रास सगळा तुमच्या आणि लेकीच्या वाट्याला येतो.

हे धरून चालणं आधी सोडा. दीर सज्जन असेल, आणि तरीही रोज संध्याकाळी आठ घरांच्या मागच्या अंगणाचं चित्रण होणं चूक असू शकतं. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. तो चांगला आहे म्हणून आज चित्रणाचा गैरवापर होत नाही. पण ते त्याच्यापाशी राहतच नाही. ग्रुपवर पडलं की ते शेकडो मोबाईलमध्ये जातं, आणि किराणा दुकानात चेष्टा करणारा माणूस तुमचा दीर नव्हता.

हाच मुद्दा कोरोनाच्या टाळेबंदीत फ्रान्समध्ये न्यायालयापुढे आला होता. पॅरिसचे पोलीस रस्त्यांवर ड्रोन फिरवून लोकांवर लक्ष ठेवत होते. आम्ही उंचावरून उडवतो, रुंद दृश्य घेतो, कुणाला ओळखत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने १८ मे २०२० रोजी हे उड्डाण थांबवायला सांगितलं. त्यांनी पोलिसांच्या हेतूवर संशय घेतला नाही. या यंत्राला खाली येता येतं, झूम करता येतं आणि माणूस ओळखता येतो. तसं होऊ नये म्हणून त्यात कसलीच अडवणूक बसवलेली नाही, एवढंच त्यांनी पाहिलं. तुमच्या वस्तीवरही एवढंच पाहायचं आहे. दिराच्या स्वभावाची चर्चा यात आणायचीच नाही.

आता बिबट्याकडे येऊ. तुमची जाऊ जे बोलते त्यामागची भीती खरी आहे. जुन्नर वनविभागातल्या जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांत माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. शेतीची लाइट रात्रीची असली की दारं धरायला रात्रीच जावं लागतं. त्या भागात राहणाऱ्या बाईला, बिबट्यापेक्षा खासगीपणा मोठा आहे असं शहरात बसून सांगणं मला शोभणार नाही, आणि माझं म्हणणं तसं नाहीही. पण तुम्ही सुरक्षितता की अब्रू असा सौदा मनाशी मांडला आहे, तो मुळात तसा आहे का, हे तपासू.

लग्नाच्या शूटिंगच्या ड्रोनला बहुतेक वेळा साधाच कॅमेरा असतो. त्याला उजेड लागतो. दिवेलागणीला उजेड जातो, नेमका तेव्हाच बिबट्या हलायला लागतो. शिवाय बिबट्या असतो उसात. डोक्याच्या वर गेलेल्या उसाच्या पाल्याखाली काय आहे, ते वरून साध्या कॅमेऱ्याला भर दुपारीसुद्धा दिसत नाही. वनविभाग शोधमोहिमेत जे ड्रोन वापरतो, त्यांना अंगातली उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा असतो, आणि दाट पाल्याखाली त्याचीही पंचाईत होते. म्हणून ते बांध, ओढ्याचा काठ, तुटलेल्या फडाची कड, कडवळाचा मोकळा पट्टा अशा ठिकाणी फिरवले जातात. मग तुमच्या दिराच्या ड्रोनला संध्याकाळी नक्की काय दिसतं? अंगण, गोठा, गच्ची, न्हाणी, पायवाटेवरून कोण कुणाच्या घरी चाललंय ते. उसातला बिबट्या त्याला दिसत नाही, अंगणातली बाई दिसते. हे त्याच्याही लक्षात आलं नसेल. फेरी मारल्याचं समाधान मिळतं, ग्रुपवर शाबासकी मिळते, आणि काम झालं असं सगळ्यांनाच वाटतं.

म्हणून जावेला उत्तर देताना 'ड्रोन नको' असं म्हणूच नका. 'ज्यासाठी वर्गणी काढली ते काम या फेऱ्यांनी होतंय का?' असं विचारा. तुम्ही बिबट्याच्या बाजूच्या ठरायच्या ऐवजी त्याचा सगळ्यात नेटका विचार करणारी बाई ठराल. बंदिस्त गोठा, वस्तीच्या वाटेवर दिवे, घराला चिकटून असलेला ऊस थोडा मागे सरकवणं, मेलेली जनावरं आणि कोंबड्यांची घाण उघड्यावर न टाकणं, मुलांनी तिन्हीसांजेला एकट्याने बाहेर न जाणं, अंधारात जाताना मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून चालणं, दिवसा लाइट मिळावी म्हणून जोर लावणं, हे सगळं कंटाळवाणं आहे, पण उपयोगाचं आहे. बिबट्या दिसला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, वनरक्षक आहे, आणि ग्राम सुरक्षा यंत्रणेवरून सगळ्या गावाला एका वेळी फोन जाऊ शकतो. ग्रामपंचायतीचे पैसे जाणारच असतील, तर ते आधी यात जावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्हाला आणखी एक आठवण करून देते. २०२४ च्या पावसाळ्यात तुमच्याच पट्ट्यात रात्री आकाशात ड्रोन दिसतात म्हणून गावंच्या गावं जागी होती. पोरं बॅटऱ्या आणि काठ्या घेऊन गस्त घालत होती. कुणी म्हणायचं चोर घरं हेरतात, कुणी आणखी काही. त्या वेळी लोक कशाला घाबरले होते? वर फिरणारं ते कोणाचं आहे, काय बघतंय, बघितलेलं कुठे जातंय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आज यंत्र आपल्या पोराच्या हातात आहे म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालंय. उरलेले दोन तसेच पडून आहेत, आणि तुम्ही तेच विचारताय. दोन वर्षांपूर्वी अख्ख्या गावाने जे विचारलं, ते एका सुनेने विचारलं की जास्त कसं होतं?

आणि ड्रोन नीट सांगून-सवरूनही येऊ शकतो, हे तुमच्या भागाने पाहिलंय. गावठाणाच्या मोजणीला भूमी अभिलेख खात्याने भारतीय सर्वेक्षण विभागाबरोबर ड्रोन वापरला. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत त्याचा पहिला प्रयोग झाला, आणि एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना म्हणून हे काम काही राज्यांत सुरू झालं आणि पुढच्या वर्षी देशभर गेलं. आधी गावात माहिती दिली जायची. मग प्रत्येकाने आपापल्या घराच्या आणि परड्याच्या हद्दीवर चुन्याच्या पांढऱ्या रेषा मारून घ्यायच्या, म्हणजे वरून हद्द दिसेल. मग ठरलेल्या दिवशी ड्रोन यायचा, आणि त्यातून नकाशा आणि मिळकत पत्रिका निघायची. हद्दीवरून भांडणं झाली असतील, पण डोक्यावर कोण फिरतंय, याने कुणाची झोप उडाली नाही. कशासाठी, केव्हा आणि त्यातून काय निघणार, हे आधीच माहीत होतं. तुमच्या वस्तीवर या तिन्हीपैकी एकही धड सांगितलेलं नाही.

सासूबाईंच्या 'काय लपवायचंय' वर थोडं थांबते, कारण हे वाक्य घराघरांत बोललं जातं आणि त्यापुढे बाईला काही सुचत नाही. लपवणं आणि आडोसा यांत फरक आहे, आणि तो सासूबाईंना तुमच्याहून चांगला कळतो. त्यांच्या काळात न्हाणीच्या भिंती माणसाच्या उंचीच्या वर का बांधल्या? नजर जमिनीवरून यायची म्हणून. तेव्हा वरून बघणारं कुणी नव्हतं, म्हणून छताची गरज पडली नाही. आडोसा हवा, हे त्यांनी तेव्हाच मान्य केलेलं आहे. आज फक्त नजरेची दिशा बदलली. त्यांच्याशी बोलताना कायदा वगैरे काढू नका. त्यांना ग्रुपवरचं एखादं चित्रण मोबाईलवर दाखवा, शक्यतो त्या स्वतः ज्यात दिसतात ते. पदर खांद्यावरून घसरलेला असताना शेण भरणारी आपली आकृती मोठ्या पडद्यावर बघितली की पुष्कळ काही न बोलता कळतं.

'चेहरा कुठे नीट दिसतो' असंही कुणीतरी म्हणेल. खरं आहे. ५० मीटरवरून रुंद लेन्सने घेतलेल्या ४के चित्रात चेहरा जेमतेम आठ-दहा ठिपक्यांचा येतो. पण गावात ओळखायला चेहरा लागतो कुठे? घर माहीत, साडी माहीत, चालणं माहीत. शिवाय ड्रोन १५ मीटरवर आला की चेहराही येतो. त्यामुळे या सबबीत अडकू नका.

आता कायदा. तुम्ही विचारलंय म्हणून सांगते, आणि जेवढं आहे तेवढंच सांगते, म्हणजे कुणी घाबरवलं किंवा उगाच आशा दाखवली तर फसायला नको.

ज्या ठिकाणी एखाद्या स्त्रीला आपल्याला कुणी बघत नाही असं सहज वाटावं, अशा ठिकाणी तिच्या खासगी कृतीचं, म्हणजे न्हाणीत आंघोळ करताना किंवा संडासात असताना, चित्रण करणं किंवा ते पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तर एक ते तीन वर्षं कैद आणि दंड. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई हे कलमही शरीराच्या खासगी भागाच्या चित्रणाला लागू होतं. मुलगी अल्पवयीन आहे, त्यामुळे तिच्या बाबतीत कुणाचा हेतू वाईट दिसला तर मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदाही येतो. पण तुम्ही अंगणात केस वाळवत बसला होतात, ते चित्रण यांपैकी कुठल्याही कलमात सरळ बसत नाही. पोलीस ठाण्यात गेलात तर तिथे हेच ऐकायला मिळेल, आणि तुम्ही हिरमुसून परत याल. म्हणून आज, याच प्रकरणात, तक्रार घेऊन जाणं मी सुचवत नाही.

२०२१ च्या ड्रोन नियमांचं म्हणाल, तर त्यांत वजन, नोंदणी, उंची आणि क्षेत्र यांचं तपशीलवार आहे. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनची सरकारी संकेतस्थळावर नोंद करून त्याचा क्रमांक घ्यावा लागतो. उडवायला आधी परवानगी लागत नाही अशा भागाला हरित क्षेत्र म्हणतात, तिथे साधारणपणे १२० मीटरपर्यंत उडवता येतं. दोन किलोपर्यंतचा ड्रोन हौसेने उडवायला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. पण २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर ते लागतं. नियम मोडल्यास दंड एक लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या दिराचा व्यवसायच शूटिंगचा आहे, तेव्हा ही कागदपत्रं त्याने करून घेतली आहेत का, हे घरातल्या माणसाने आपुलकीने विचारावं. त्याच्याच भल्याचं आहे. मात्र कुणाच्या घराचं चित्रण किती ठेवायचं, कुणाला दाखवायचं, यावर हे नियम तुमच्या फारसे कामाला येणार नाहीत. २०२३ चा व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायदा आहे, पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने होतो आहे, आणि एखाद्याने निव्वळ घरगुती कारणासाठी केलेलं चित्रण त्यातून वगळलं आहे. त्यावर आज विसंबू नका.

तुमचं खरं बळ वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ते त्या बातमीत आहे जिची तुम्हाला धास्ती वाटते. ग्रामपंचायत स्वतः ड्रोन घेणार. मंडळाचा ड्रोन म्हणजे चार पोरांची हौस, तिला जाब विचारणं अवघड. पण ग्रामपंचायत ही स्थानिक स्वराज्य संस्था, म्हणजे घटनेच्या भाषेत राज्यच. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. राज्याने त्यात हात घालायचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, योग्य उद्देश हवा, आणि जेवढं गरजेचं तेवढंच हवं, असंही सांगितलं. ड्रोन सरकारी पैशाचा झाला की त्याला हे सगळं लागू होतं. तेव्हा ती खरेदी रोखण्यापेक्षा, खरेदीच्या आधी अटी घालून घ्यायची ही संधी आहे, असं मला वाटतं.

आणि त्यासाठी जागा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती कागदावरच उरकतात, ग्रामसेवक सह्या गोळा करतो. तुम्ही ती खरी घ्यायला लावा. एकटीने नको. वस्तीवरच्या आठ घरांतल्या बायकांशी आधी एकेकीशी बोला, विहिरीवर, खुरपणीला, जिथे जमेल तिथे. माझा अंदाज आहे की निम्म्या जणी तुमच्याआधीच न्हाणीत जायची वेळ बदलून बसल्या असतील आणि प्रत्येकीला वाटत असेल, आपल्यालाच हे खुपतंय. बचत गट असेल तर त्याच्या बैठकीत हा विषय काढा. आशाताई किंवा अंगणवाडी सेविका सोबत असतील तर आणखी बरं, त्यांचं पंचायतीत ऐकलं जातं.

या बोलण्यात एका गटाला विसरू नका. तुमच्या पत्रात त्या नाहीत, पण हंगामात तुमच्या फडाशेजारी त्या असतातच: ऊसतोडीला आलेल्या बायका. त्यांच्या कोपीला, म्हणजे फडाजवळच्या झोपडीला, न्हाणीच नसते. चार काठ्या रोवून लावलेलं लुगडं हा त्यांचा आडोसा, आणि तोही पहाटेच्या अंधारात. ड्रोनच्या सगळ्यात खाली त्याच येतात आणि ग्रामसभेत त्यांना बोलता येत नाही, मतदार यादी दुसऱ्या जिल्ह्यातली. अटी घालाल त्यात कोप्यांवरून ड्रोन न्यायचा नाही, हे लिहून घ्या. त्यांच्या वतीने हे बोलणारं दुसरं कुणी तिथे असेल असं मला वाटत नाही.

अटी कोणत्या, तर साध्या. ड्रोन रोजच्या फेरीला नाही, बिबट्या दिसल्याची खबर आल्यावर किंवा वनविभागाने सांगितल्यावरच उडवायचा. उडवायच्या आधी ग्रुपवर कळवायचं, म्हणजे माणसं सावध होतात. तो वस्तीच्या मधोमध चढवायचा नाही. बांधाच्या कडेने चढवून फडावरून न्यायचा, आणि घरांवरून जावंच लागलं तर ६० मीटरच्या खाली यायचं नाही व कॅमेरा समोर क्षितिजाकडे ठेवायचा. उडवताना दोन माणसं हवीत, शक्यतो त्यांत एक बाई. वहीत तारीख, वेळ आणि कारण लिहायचं. चित्रण ग्रुपवर टाकायचं नाही. बिबट्या दिसला तर तेवढा तुकडा वनविभागाला द्यायचा, बाकी सात दिवसांत पुसून टाकायचं. आणि सहा महिन्यांनी ग्रामसभेत विचारायचं: किती वेळा उडवला, बिबट्या किती वेळा दिसला? हा शेवटचा मुद्दा सरपंचांना आवडणार नाही, पण तो सोडू नका. पैसे गावाचे आहेत.

६० मीटर किंवा सात दिवस हे आकडे कायद्यातले नाहीत, मी माझ्या समजुतीने सुचवतेय. तुमच्या सभेत ते बदलले तरी चालतील. आकडा कागदावर असणं महत्त्वाचं, कारण 'जरा जपून उडव' असं सांगितलेलं आठवड्यात विसरलं जातं.

ग्रामसभेला वेळ आहे आणि ड्रोन आज संध्याकाळीही येणार, म्हणून दिराशी याच आठवड्यात बोला. नवऱ्याकरवी नको, भावाभावांत ते वेगळंच वळण घेईल. तुम्ही वहिनी आहात, चहाला बोलवा आणि सरळ सांगा: "भाऊजी, तुमच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ग्रुपवर जे पडतं ते कुठे जातं ते तुमच्या हातात राहत नाही. पोरगी गच्चीवर जाईनाशी झालीय. माझ्यासाठी दोन गोष्टी करा, घरांवरून नेऊ नका आणि ग्रुपवर टाकू नका." एवढंच. कायदा, कलम, दंड यातलं काही काढू नका. तो मुलीचा काका आहे. गच्चीची गोष्ट त्याला कुणी सांगितलीच नसावी.

तरीही ऐकलं नाही, किंवा ड्रोन न्हाणीवर येऊन थांबला, किंवा मुलगी दिसली की खाली येऊ लागला, तर मात्र भिडेत राहू नका. तेव्हा तो घरचा पोरगा असण्याचा प्रश्न संपतो. ग्रुपवरचं चित्रण तारखेसह जपून ठेवा, कुणालाही पुढे पाठवू नका, ड्रोन आल्याची वेळ आणि जागा लिहून ठेवा, आणि पोलीस पाटलांना सोबत घेऊन ठाण्यात जा. तातडीला ११२ आहेच. चित्रण इंटरनेटवर पसरलं तर केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर स्त्रिया आणि मुलांविषयीच्या तक्रारींचा वेगळा विभाग आहे, तिथे नाव न सांगताही तक्रार करता येते.

एक गोष्ट मात्र करू नका, आणि हे तुमच्यासारख्या इतरांनाही सांगते: ड्रोनला दगड, गोफण किंवा काठी मारून पाडू नका. नुकसानीचा गुन्हा उलटा तुमच्यावर येईल. त्यातली लिथियमची बॅटरी फुटली तर वाळलेल्या पाचटात आग लागायला वेळ लागत नाही.

शहरातल्या ज्या वाचकांनी सोसायटीतल्या ड्रोनबद्दल लिहिलं आहे, त्यांचीही वाट फार वेगळी नाही. कमिटीने सुरक्षेसाठी ड्रोन घ्यायचं ठरवलं असेल तर सर्वसाधारण सभेत हेच विचारा: कशासाठी, कोण बघणार, किती दिवस ठेवणार. शेजारच्या इमारतीतून कुणी बाल्कनीसमोर उडवत असेल, तर स्थानिक पोलिसांचा ड्रोनबंदीचा आदेश चालू आहे का ते आधी पाहा. मुंबईत असे आदेश ठरावीक मुदतीचे असतात आणि पुन्हा पुन्हा निघतात. आदेश लागू असेल तर काम पुष्कळ सोपं होतं.

राहिला पत्रा. तो टाका, ताई. पावसाळ्यात उपयोगी पडेल, थंडीत पडेल, अर्धपारदर्शक टाकलात तर उजेडही राहील. पण तो तुमच्या सोयीसाठी टाका आणि घरात तसंच सांगा. ड्रोनवरचं उत्तर म्हणून तो टाकलात, तर 'आता तर पत्रा आहे ना' म्हणून तुमचं बोलणं तिथेच संपवतील, आणि गच्चीवर काही पत्रा टाकता येणार नाही. म्हणून आधी भाऊजींशी बोला, महिला सभेच्या नोटिशीत हा विषय घालून घ्या, आणि मग पत्र्याचं माप घ्यायला सुताराला बोलवा.